थराखालचा चौकोन

रत्नागिरीला आमच्या पेढीच्या मागे एक जुना मांगर आहे. पूर्वी तेथे कोल्हापूरहून आलेले गुळाचे रवे उतरत आणि घाटावर जाणारे नारळ, सुपारी व आमसुले भरली जात. आज तेथे रिकामी बारदाने आहेत, एक मोडका तराजू आहे आणि आमच्या आबांची जीप आहे. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांनी ही जीप डिस्पोजलच्या लिलावात घेतली. दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्याला नको झालेली वाहने, तंबू, डबे, दोरखंड असा अफाट माल विक्रीस निघाला होता. त्या सगळ्यालाच आपल्याकडे ‘डिस्पोजलचा माल’ म्हणत. कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती. मुंबईचा माल आगबोटीने बंदरात येई आणि घाटावरचा माल आंबा घाटाने. पावसाळ्यात तो घाट बैलगाडीची परीक्षा पाही. चारही चाकांना जोर असलेली गाडी त्या काळच्या व्यापाऱ्याला केवढी मोलाची वाटली असेल, याची कल्पना आजच्या पिढीला येणे कठीण आहे.

या जीपविषयी आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जाई. लढाईत ती जखमी शिपायांना वाहून नेत असे, अशी ती गोष्ट. मागच्या पत्र्यावर चार भोके आहेत. ती स्ट्रेचर बांधण्यासाठी पाडलेली आहेत, असे काकांनी आम्हां मुलांना दाखवले होते. लहानपणी आम्ही त्या भोकांत बोटे घालून बघत असू.

ही गोष्ट आमच्या घराला आवश्यक होती, हे मला फार उशिरा उमगले. ज्या घरात सूर्यास्तानंतर अन्न शिजत नाही आणि गाळल्यावाचून पाणी पीत नाहीत, त्या घरात युद्धावरची गाडी आलीच कशी? जखमींची गाडी हे त्या प्रश्नाचे उत्तर होते. ते एवढे समाधानकारक होते की पुढे कोणी काही विचारले नाही. मीही नाही. मी साठी ओलांडीपर्यंत हीच गोष्ट पाहुण्यांना सांगत आलो आणि ती सांगताना मला थोडासा अभिमानही वाटत असे.

गेल्या वैशाखात माझ्या मुलाने जीप दुरुस्त करायला काढली. खाऱ्या हवेने पत्रा खाल्ला होता. गंज काढल्याशिवाय नवा रंग धरणार नाही, असे डेंटिंगच्या कारागिराने सांगितले आणि तो पॉलिश पेपर घेऊन बसला. वहीची पाने उलटावीत तसे रंगाचे थर निघू लागले. सर्वांत वर वडिलांच्या काळातील निळा. त्याखाली मळकट पांढरा. त्याखाली आबांनी दिलेला राखाडी. आणि त्याहीखाली, पत्र्याला चिकटून बसलेला, चकाकी नसलेला लष्करी हिरवा.

दुपारी कारागिराने मला हाक मारली. मागच्या पत्र्यावर एका बाजूला वीतभर चौकोन उघडा पडला होता. त्याचा वरचा अर्धा भाग लाल, खालचा अर्धा निळा. मध्ये पांढऱ्या रंगातील चारचा आकडा स्पष्ट होता आणि त्यापुढचा आकडा गंजाने खाल्लेला होता. दुसऱ्या बाजूला लालसर पार्श्वभूमीवर पिवळ्या रंगात काहीतरी होते. कारागिराने ओल्या फडक्याने पुसले तेव्हा ते दिसले. एक मूठ, आणि त्या मुठीत खंजीर.

मी पांढऱ्या वर्तुळातील लाल क्रॉस दिसण्याची वाट पाहत होतो. तो कोठेच नव्हता.

चिन्हे वाचणे हा व्यापाऱ्याच्या रक्तातील गुण आहे. बाजारात उतरलेल्या गोणीवरचा मार्का पाहून माल कोणत्या पेढीचा, कोणत्या प्रतीचा, कोणत्या अडत्याकडून आलेला, हे आमच्या दिवाणजींना हातही न लावता कळे. कापडाच्या दुकानातून तर आजही कित्येक ठिकाणी भावाची सांकेतिक भाषा चालते. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द किंवा दोन शब्द घ्यायचे, प्रत्येक अक्षराला एक अंक द्यायचा, आणि खरेदीची किंमत त्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहायची. गिऱ्हाइकासमोर चिठ्ठी उघडी असते, पण ती फक्त घरच्या माणसाशी बोलते. आमच्या घराण्याचाही असा शब्द आहे. तो येथे लिहीत नाही, कारण तो अजून वापरात आहे.

म्हणून तो लाल-निळा चौकोन पाहिल्यावर मला वाटले की हीसुद्धा एक चिठ्ठीच आहे. ती वाचता येणारे घरचे माणूस मात्र शोधायला हवे.

कोकणात त्यासाठी फार हिंडावे लागत नाही. येथील कित्येक गावांत घरटी एकजण सैन्यात गेलेला असतो. आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत. त्यांची सारी नोकरी तोफखान्यात झाली. मोबाईलवर छायाचित्र पाठवले तर ते दुसऱ्या दिवशी सकाळीच स्वतः आले. मांगरात शिरले, चौकोनापुढे उकिडवे बसले आणि त्यांनी त्यावर तळहात ठेवला.

“शेठ, ही आमची गाडी आहे,” ते म्हणाले.

तोफखान्याचा रंग लाल आणि निळा. ब्रिटिशांच्या काळी तोच होता आणि स्वतंत्र भारताच्या तोफखान्याच्या निशाणातही तेच दोन रंग आले. त्यांना विचार करावा लागला नाही. आम्हांला आमच्या गोणीवरचा मार्का ओळखायला तरी कोठे विचार करावा लागतो?

त्या दिवशी सुभेदारांनी जे सांगितले, आणि पुढे पुस्तके चाळून मी जे पडताळून पाहिले, ते थोडक्यात लिहितो. कारण जुन्या वस्तू जपणाऱ्या आपल्या घरांतून अशी एखादी गाडी, पेटी किंवा पाना असण्याचा संभव पुष्कळ आहे.

महायुद्धाच्या काळात ब्रिटिश व हिंदी सैन्याच्या वाहनांवर मुख्यतः दोन चिन्हे असत, पुढेही आणि मागेही. एक चिन्ह मोठ्या घराण्याचे, म्हणजे डिव्हिजनचे. त्यात सहसा अक्षर किंवा नाव नसे, नुसते चित्र असे. चौथ्या हिंदी डिव्हिजनचा लाल गरुड, पाचवीचा काळ्यावर लाल गोळा, सातवीचा सोनेरी बाण, सतरावीची काळी मांजर. शिपाई कोणतीही भाषा बोलणारा असो, त्याला लिहिता-वाचता येत असो वा नसो, चित्र त्याला कळे. शत्रूच्या हेराला मात्र नावनिशी मिळत नसे. हालचाल अगदी गुप्त ठेवायची असली, तर ही चित्रेसुद्धा रंगाने झाकून टाकत.

दुसरे चिन्ह रंगीत चौकोनाचे. गाडी त्या घराण्यात कोणते काम करते, ते चौकोन सांगे. लाल-निळा आडवा विभागलेला चौकोन तोफखान्याचा. तिरक्या रेषेने लाल व हिरवा असा दुभागलेला रसद पुरवणाऱ्यांचा. वर पांढरा व खाली निळा असलेला संदेशवहनाचा. नुसता निळा सुरुंग-पूल-रस्ते करणाऱ्या इंजिनिअरांचा. आणि वैद्यकीय पथकाचा चौकोन काळा. चौकोनावरचा पांढरा आकडा म्हणजे त्या खात्यातील नेमकी तुकडी. म्हणजे चित्र ही पेढी, रंग हा व्यवसाय आणि आकडा हे खाते. तिन्ही ज्याला ठाऊक, त्यालाच पूर्ण पत्ता लागे.

तिसरी एक खूण पुढच्या बाजूस असे. पिवळे वर्तुळ आणि त्यात काळा आकडा. आमच्या जीपवर त्या वर्तुळाची अर्धी चंद्रकोरच उरली आहे. ही खूण पुलासाठी. सैन्याने बांधलेल्या पुलाच्या तोंडाशीही असाच आकडा लावत. गाडीवरचा आकडा पुलावरच्या आकड्यापेक्षा मोठा असला तर चालकाने थांबायचे. अंधारात, पावसात, गोळ्यांच्या वर्षावात हिशेब करीत बसायला वेळ नसतो. आकड्याला आकडा ताडून पाहायचा, एवढेच. आपल्या खाड्यांवरील जुन्या पुलांच्या तोंडाशी भाराचे फलक असतात, त्यांचाच हा चुलत भाऊ.

आणि बाण. हत्यारांच्या पेटीतील एका पान्यावर आम्हांला तीन रेघांचा लहानसा बाण कोरलेला सापडला. ही ब्रिटिश सरकारी मालकीची कित्येक शतके जुनी खूण. माल अधिकृतपणे विकला गेला की पहिल्या बाणाच्या टोकाला टोक भिडवून दुसरा उलटा बाण ठोकण्याची पद्धत होती. आमच्या पान्यावर एकच बाण आहे. “म्हणजे हिशेबाने हा पाना अजून सरकारचाच,” असे म्हणून सुभेदार हसले. आजही भारतीय सैन्याच्या वाहनाच्या क्रमांकाआधी वर टोक असलेला बाण असतो. त्यापुढचे दोन आकडे वर्षाचे आणि मग वाहनाचा वर्ग सांगणारे अक्षर. रस्त्यावर तसे वाहन दिसले की माझा मुलगा आता ते मोठ्याने वाचतो.

गाडीची जातही त्यांनी सांगितली. या जीप अमेरिकेत दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक केल्या, विलिस आणि फोर्ड. दोघींची बांधणी एकाच नमुन्याची, पण फोर्डने आपल्या बोल्टच्या माथ्यावर इंग्रजी ‘एफ’ अक्षर उमटवले. आमच्या बोल्टांवर ते अक्षर आहे. स्टिअरिंग डावीकडे का, याचेही उत्तर तेच. ती अमेरिकेच्या रस्त्यांच्या रिवाजाने घडली.

“आणि ही भोके?” मी विचारले. सुभेदारांनी ती चारही भोके बोटाने चाचपली. “स्ट्रेचरची असतील. वायरलेस सेट बसवायचीही असतील. तोफखान्याच्या जीपमध्ये बहुधा वायरलेसच असायचा. तोफा मागे राहतात, शेठ. पुढे एक अधिकारी जातो, टेकडीवरून बघतो आणि वायरलेसवर सांगतो की गोळा इतका उजवीकडे, इतका पुढे टाका. त्याला न्यायला अशी गाडी.”

ते अगदी साधेपणाने बोलत होते. त्यांच्या दृष्टीने ते अभिमानाचेच काम होते आणि त्या अभिमानाचा मला आदर आहे. परंतु माझ्या मनात काहीतरी खाली बसले. स्वतः एकही गोळा न वाहणारी, पण तोफेला डोळे देणारी गाडी. लहानपणी ज्या भोकांत मी बोटे घातली, ती कदाचित त्या डोळ्यांची खोबण होती.

मुठीतील खंजिराचा शोध मी स्वतः घेतला. तो एकोणिसाव्या हिंदी डिव्हिजनचा. १९४१ मध्ये उभी राहिलेली ही डिव्हिजन जवळजवळ तीन वर्षे हिंदुस्थानातच सराव करीत होती. १९४४ च्या अखेरीस ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली. १९४५ च्या जानेवारीत तिने इरावती ओलांडली आणि मार्च महिन्यात मंडाले गाठले. तेथील किल्ल्याच्या भिंतींवर तोफांचा मारा झाला, वरून विमानांनी बाँब टाकले. २० मार्च १९४५ रोजी सैन्य किल्ल्यात शिरले. तोवर किल्ल्याच्या आत उभा असलेला ब्रह्मी राजांचा लाकडी राजवाडा जळून गेला होता.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. कारण तो राजवाडा कोणाचा, हे रत्नागिरीच्या माणसाला सांगावे लागत नाही. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याच मंडालेहून पदच्युत करून नेले आणि दुसऱ्या वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला लाल राजवाडा १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी बांधण्यात आला. १९१६ मध्ये तो येथेच वारला आणि त्याची समाधीही येथेच आहे. शाळेत असताना आम्ही सहलीला त्या राजवाड्यात जात असू. ज्याला आपले घर पुन्हा कधी दिसले नाही, त्या राजाचे घर जाळणाऱ्या लढाईत खंजिराच्या चिन्हाचे सैन्य होते. आणि तेच चिन्ह ल्यालेली एक गाडी सत्तर-पंच्याहत्तर वर्षे त्याच्या समाधीपासून काही मैलांवर, आमच्या मांगरात, आमच्या मीठ-मिरचीच्या कमाईतून तेलपाणी घेत उभी होती.

मात्र येथे मला स्वतःला आवरावे लागले. गोष्ट फारच नेटकी जमत होती, आणि नेटक्या जमणाऱ्या गोष्टीचा व्यापाऱ्याने संशय घ्यावा. गोणीवरचा मार्का माल कोणत्या पेढीचा एवढेच सांगतो. तो कोणाच्या चुलीवर शिजला, हे सांगत नाही. डिव्हिजन आघाडीवर गेली तेव्हा तिची प्रत्येक गाडी गेलीच असेल असे नाही. काही मागे राहिल्या असतील, नादुरुस्त म्हणून आगारात पडल्या असतील. आमची जीप मंडालेला गेली असेल, किंवा तिने ब्रह्मदेशाची हद्दही पाहिली नसेल. तिने कोणाचा नेम साधून दिला असेल, आणि त्याच संध्याकाळी एखाद्या जखमीला पाठीवर घेऊन मागेही आणले असेल. त्या जंगलात जीपवर स्ट्रेचर बांधून जखमींना आणत, हेही खरेच आहे. आपल्या आचार्यांनी विधानाच्या आधी ‘स्यात्’ जोडायला शिकवले, ते मी प्रवचनात कितीदा ऐकले होते. पत्र्यावरील चार बोटे रंगापुढे बसल्यावर त्या शब्दाचे वजन मला प्रथमच हाताला लागले.

पण एक गोष्ट ‘स्यात्’च्या पलीकडची होती. ही गाडी रुग्णपथकाची नव्हती. मग आबांनी आम्हांला असे का सांगितले?

आबांच्या वह्या आम्ही टाकलेल्या नाहीत. लाल कापडाच्या बासनात त्या माळ्यावर आहेत. वीर संवत २४७५ ची, म्हणजे १९४८ च्या दिवाळीला पूजलेली वही मी काढली. फाल्गुनात गाडी खात्यावर नोंद होती: ‘जीप गाडी १, लष्करी डिस्पोजल, तोफखान्याकडील, लिलावात घेतली.’ तोफखान्याकडील! अक्षर आबांचेच होते. म्हणजे त्यांना ठाऊक होते.

मी बराच वेळ तसाच बसलो. आबांनी आम्हांला एकच शिकवण दिली होती: वहीत खोटे लिहायचे नाही. ती त्यांनी पाळली होती. मग वहीत खरे आणि तोंडाने खोटे, असा हा व्यवहार? घरच्यांच्या मनाला टोचू नये म्हणून बोललेले असत्य क्षम्य आहे, असे मी स्वतःला समजावू लागलो, आणि समजावता समजावता लक्षात आले की आपल्याला ते पटत नाही.

पाने उलटताना आणखी काही नोंदी दिसल्या. आषाढापासून, महिन्यातून दोनदा-तीनदा, कधी चारदाही: ‘पेट्रोल, रुग्ण, सिव्हिल हॉस्पिटल, भाडे नाही.’ रुग्णाचे नाव कधी आहे, कधी नुसते वाडीचे नाव. पुढच्या वर्षीच्या वहीत, त्याच्या पुढच्या वर्षीच्याही वहीत तेच. मी मोजायला लागलो आणि दीडशेपुढे मोजणे सोडून दिले.

त्या काळची आता एकच व्यक्ती हयात आहे, माझी आत्या. त्या कोल्हापूरला असतात, वय चौऱ्याऐंशी. दशलक्षण पर्वात त्यांना भेटायला जाण्याचा आमचा परिपाठ आहे. यंदा मी वही पिशवीत घालून नेली. हातखंबा, पाली, साखरपा, मग आंबा घाट. धुक्यात वळणे घेताना हाच रस्ता आबांनी त्या उघड्या गाडीतून किती वेळा कापला असेल, असे मनात येत होते. आत्यांचा एकभुक्त होता. दुपारचे जेवण आटोपून त्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. सांगावे की नाही, असे मला झाले. ज्या गोष्टीवर त्यांनी आयुष्य काढले, ती आता मोडायची कशाला? पण दिवस नेमका उत्तम सत्याचा होता. मी चौकोनाचे छायाचित्र त्यांच्यापुढे धरले.

“आत्या, जीपवर हे निघाले. ही गाडी जखमींची नव्हती. तोफखान्याची होती.”

त्यांनी चष्मा वर-खाली करून छायाचित्र पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, “हो. हीच ती निशाणी. गाडी आली त्या दिवशी मी आठ वर्षांची होते. आई ओवाळायला ताट घेऊन दारात आली आणि हे लाल-निळे बघून तिने विचारले, अहो, हे काय? अण्णांनी सांगितले, तोफखान्याचे आहे म्हणतात. आई ताट घेऊन तशीच आत गेली.”

माझे आबा म्हणजे आत्यांचे अण्णा. त्या सांगत होत्या आणि मी ऐकत होतो. आजीने आदळआपट केली नाही. ‘ती दारात नको’, एवढेच म्हणाली. अण्णांनी दुसऱ्याच आठवड्यात राखाडी रंग देऊन घेतला, तरीही ती ‘नको’च म्हणाली. चार महिने जीप कुंपणाबाहेर आंब्याखाली उभी राहिली. माल आणी, पण अंगणात येत नसे. मग आषाढातील एका रात्री पलीकडच्या वाडीतून काही माणसे एका अडलेल्या बाळंतिणीला डोलीत घालून आली. पाऊस कोसळत होता आणि हॉस्पिटल सात-आठ मैलांवर. दारावरची थाप आजीनेच ऐकली, आणि आजीनेच अण्णांना उठवले. ‘गाडी काढा.’ ती स्वतः त्या बाईचे डोके मांडीवर घेऊन मागे बसली. गाडी घरात आल्यापासून ती तीत पहिल्यांदाच बसत होती.

“बाई वाचली. मूलही वाचले,” आत्या म्हणाल्या. “उजाडता परत आले तेव्हा आईने गाडी अंगणात घ्यायला सांगितली, आणि चिखलातच उभी राहून ओवाळले. मग अण्णांना म्हणाली, आता आजारी माणसाकडून हिचे भाडे घ्यायचे नाही. अण्णांनी ते शेवटपर्यंत पाळले.”

“मग लढाईतील जखमींची गोष्ट?”

आत्या हसल्या. “ती अण्णांनी कुठे सांगितली? आम्ही पोरे गावभर सांगत सुटायचो, आमची गाडी आजाऱ्यांची गाडी, आमची गाडी आजाऱ्यांची गाडी. पुढे तुम्ही झालात, आणि तुम्ही त्यात शिपाई घातलेत.”

म्हणजे कोणीही खोटे बोलले नव्हते. आबांनी तर नाहीच. आमच्या आठवणीने थरांचा क्रम चुकवला होता. वरचा थर खाली नेऊन ठेवला होता. गाडी आमच्याकडे आल्यावर तिने जे केले, ते तिने येण्यापूर्वीच केले असावे, अशी आमची सोयीची समजूत झाली होती. आणि तसे करताना आम्ही नकळत आजीचे श्रेय पुसून टाकले होते. गाडी मुळातच रुग्णवाहिका असती, तर आजीच्या चार महिन्यांच्या नकाराला आणि त्या रात्रीच्या ‘गाडी काढा’ला काय अर्थ उरला असता? आम्ही आबांची लाज झाकायला निघालो होतो. त्यांना लाज नव्हती. त्यांनी वहीत लिहून ठेवले होते.

परतताना घाटात मुलाने विचारले, “आता त्या चौकोनाचे काय करायचे?” घरातही मतभेद होते. माझ्या पत्नीचे म्हणणे, नवा रंग द्यावा, झाकून टाकावे, खंजीर कशाला दिसायला हवा? तिचे म्हणणे चुकीचे आहे असे मला वाटत नाही. सारी जीप मूळच्या लष्करी हिरव्या रंगात रंगवण्याची मुलाची हौस मात्र कायद्यानेच मोडली. ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणी देऊ नये, असा नियम आहे. शेवटी आम्ही आबांचा राखाडी रंग निवडला, आणि मागच्या पत्र्यावरील दोन जागा, चौकोनाची व खंजिराची, तशाच उघड्या ठेवून वरून नुसते पारदर्शक लॅकर मारून घेतले. ती चार भोकेही बुजवलेली नाहीत.

दिवाळीला नवी वही पूजली. सगळे हिशेब आता संगणकावर असतात, पण पहिले पान आम्ही अजून हाताने लिहितो. श्री लिहून झाल्यावर मी गाडी खाते काढले, दुरुस्तीचा खर्च मांडला आणि तपशिलाच्या रकान्यात लिहिले: ‘जीप गाडी १, आधी तोफखान्याची, मग आजीच्या सांगण्यावरून रुग्णांची.’ मुलाने वाचून पाहिले आणि क्रम बरोबर आहे ना, म्हणून पुन्हा एकदा वाचले.